भूमिका करणं आणि भूमिका घेणं

मराठीत नट भूमिका करतो, आणि त्याने भूमिका घ्यावी अशीही आपली अपेक्षा असते. काही घडलं की तासाभरात कमेंट्स सुरू होतात: 'हा गप्प का?' अशा वेळी मला गुस्ताव होलोउबेक हा पोलिश नट आठवतो.

नोव्हेंबर १९६७ मध्ये वॉर्साच्या नॅशनल थिएटरमध्ये 'ज्यादी' हे आदाम मित्स्क्येविचचं एकोणिसाव्या शतकातलं नाटक आलं. त्यात होलोउबेक बंडखोर कवी झाला होता. रशियाच्या झारविरुद्धच्या वाक्यांना प्रेक्षक टाळ्या देऊ लागले. टाळ्यांचा रोख मॉस्कोकडे आहे हे कम्युनिस्ट सरकारने ओळखलं. ३० जानेवारी १९६८ ला नाटक बंद पडलं, विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि मार्चमध्ये आंदोलन पेटलं.

इथेच थांबलो तर होलोउबेक सरळसोट नायक ठरतो. पण १९७६ मध्ये तो त्याच राजवटीच्या संसदेत जाऊन बसला. वॉर्सातल्या एका मोठ्या सरकारी थिएटरचा तो संचालकही होता. आजच्या भाषेत, 'विकला गेला'.

मग १३ डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागू झाला. टीव्हीवर निवेदक लष्करी गणवेशात बातम्या वाचू लागले. नटांनी ठरवलं, सरकारी टीव्ही आणि रेडिओवर काम करायचं नाही. होलोउबेकने खासदारकी सोडली. पुढे थिएटरही त्याच्या हातून गेलं.

नाटकांत मात्र नट काम करत राहिले. पैसा दोन्हीकडे सरकारचाच, मग टीव्हीला नकार आणि रंगमंचाला होकार का? मला वाटतं, टीव्हीवर ओळखीचा चेहरा दिसला की घरात बसलेल्याला सगळं सुरळीत चाललंय असं वाटतं. नटांनी नाकारलं ते हे काम. त्यामुळे 'तो बोलला का?' यापेक्षा 'त्याचा चेहरा कशासाठी वापरला जातोय?' हा प्रश्न मला जास्त खरा वाटतो.

तरी हिशेब पूर्ण जुळत नाही. होलोउबेकच्या राजीनाम्याला वजन आलं, कारण सोडायला त्याच्याकडे खुर्ची होती. पण त्या खुर्चीत बसून त्याने इतकी वर्षं राजवटीलाही वजन दिलंच होतं. यातलं एक ठेवून दुसरं पुसता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला छळते. बहिष्कार मोडलेला नट रंगमंचावर आला की प्रेक्षक टाळ्या वाजवत, इतका वेळ की त्याला वाक्यच बोलता येऊ नये. १९६८ च्या टाळ्या सत्तेविरुद्ध होत्या. या टाळ्या दिव्यांच्या उजेडात उभ्या असलेल्या एकट्या माणसाविरुद्ध होत्या. तो घाबरला होता, लाचार होता की खरंच सरकारच्या बाजूचा होता, हे अंधारात बसलेल्यांना कसं कळणार? त्या प्रेक्षकांचा राग मला पटतो. पण त्या गर्दीत मी असतो तर हात कधी थांबवले असते, हे मला सांगता येत नाही.