टिकाऊ कॅमेरा, जिलेटिन आणि श्रावकाचं व्रत

चांगल्या हवेसाठी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात पारशांनी आणि जैनांनी सॅनिटोरियमं बांधली; लॅम रोडवर जैन आध्यात्मिक गुरू कानजीस्वामींच्या अनुयायांचं कहाननगरही आहे. लष्करी हद्द सोडून (तिथं कॅमेरा न काढलेलाच बरा) भटकायला दारणेचा काठ आहे, पांडवलेणी आहेत, पावसाळ्यातलं त्र्यंबक आहे. त्यासाठी चिखल-धूळ सोसणारा फिल्म कॅमेरा शोधणारा माणूस श्रावक, म्हणजे व्रत पाळणारा जैन गृहस्थ असेल, तर त्याचा प्रश्न दुकानात मिटत नाही.

पहिला भाग सोपा. परिग्रह-परिमाण व्रत वस्तूंना मर्यादा घालतं. मग एकच घ्यावा आणि तो जन्मभर पुरावा. १९८२ साली आलेला निकॉन एफएम२ या हिशेबात चपखल बसतो. धातूची बॉडी, पूर्ण यांत्रिक शटर. सेल लागतो तो फक्त प्रकाशमापकाला. तो संपला तरी सेकंदाच्या चार हजाराव्या भागापर्यंतचे सगळे वेग चालतात. पेंटॅक्स के१००० त्याहून साधा आणि तितकाच चिवट.

अडतं ते रोलपाशी. फिल्मवरचे चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात आणि जिलेटिन निघतं गुरांच्या हाडां-कातड्यांतून. १८७१मध्ये रिचर्ड मॅडॉक्सनं ही युक्ती मांडली, ती आजही सुटलेली नाही. १९२५च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डला आढळलं की गुरांनी मोहरीसारख्या वनस्पती खाल्ल्या, तर त्यांतलं गंधकयुक्त द्रव्य जिलेटिनमध्ये उतरतं आणि फिल्म अधिक संवेदनशील होते. जनावराचा चारासुद्धा फोटोत उतरतो तो असा!

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून हातानं फिरवायचा विल्यमसन कॅमेरा आणला. त्यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मधला राम जिलेटिनच्या याच थरातून पडद्यावर आला आणि लोकांनी हात जोडले. जिलेटिनची चौकशी कोण करणार?

फिल्म वापरणाऱ्याच्या बचावाचा मुद्दा दुबळा नाही. गुरं फिल्मसाठी मारली जात नाहीत. जिलेटिन उरल्यासुरल्यातून होतं. श्रावकानं संकल्पी, म्हणजे जाणूनबुजून केलेली हिंसा सोडायची असते. आरंभी (घरकामातली) आणि उद्योगी (उपजीविकेतली) हिंसा गृहस्थाला पूर्ण टळत नाही. पण जैन विचार कृत (स्वतः केलेलं), कारित (दुसऱ्याकडून करवलेलं) आणि अनुमोदित (संमती दिलेलं) असे तिन्ही मार्ग तपासतो. औषधाची कॅप्सूल जिलेटिनची म्हणून नाकारणाऱ्यानं छंदासाठी रोल विकत घ्यावा, हे जुळत नाही. औषध निदान गरजेचं तरी असतं.

खरी मेख पुढेच आहे. कॅमेरा जितका टिकाऊ, तितकी वर्षं तो रोल मागणार. अपरिग्रहाला शोभणारा गुण इथं अहिंसेच्या आड येतो.

डिजिटल सेन्सरमध्ये जिलेटिनचा थर नाही, पण दर दोन वर्षांनी नवी बॉडी घेणं हाही परिग्रहच. म्हणून व्रत मानणाऱ्यानं जुनी, वापरलेली डिजिटल बॉडी घ्यावी आणि ती बंद पडेपर्यंत बदलू नये. एफएम२ कितीही देखणा असला, तरी त्याच्यासाठी तो नव्हे.