परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

ब्राझीलच्या एमास राष्ट्रीय उद्यानातली रात्र. चमकणाऱ्या अळ्यांनी लुकलुकणारं वाळवीचं वारूळ आणि त्याच्याशी झटणारा मुंगीखाऊ. मार्सियो काब्राल यांच्या या फोटोला २०१७ साली ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत एका विभागाचं बक्षीस मिळालं. पुढच्या एप्रिलमध्ये स्पर्धा भरवणाऱ्या लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमनं ते काढून घेतलं. उद्यानाच्या एका प्रवेशद्वारापाशी पेंढा भरलेला मुंगीखाऊ ठेवलेला होता. फोटोतला तोच, असा म्युझियमचा निष्कर्ष. काब्राल यांनी तो साफ नाकारला.

रॉ फाइल त्यांनी दिली होती. पण वाद पिक्सेलचा नव्हताच.

न्यायदर्शन ज्ञानाची चार प्रमाणं मानतं: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. फोटो आपण बिनदिक्कत ‘प्रत्यक्षा’च्या खात्यात टाकतो. परीक्षकापुढे मात्र तो ‘शब्द’ असतो, म्हणजे फोटोग्राफरची साक्ष: प्राणी जिवंत होता, रानातला होता. फोटोग्राफर जोव्हान्नी त्रोइलो यांचं वर्ल्ड प्रेस फोटोचं बक्षीस २०१५मध्ये रद्द झालं, तेही साक्षीपायीच. त्यांच्या मालिकेनं शार्लरुआ शहराची बदनामी होते, ही महापौरांची तक्रार आयोजकांनी मानली नव्हती. त्यातला शार्लरुआचा म्हणून दिलेला एक फोटो ब्रसेल्सच्या मोलेनबेक भागातला निघाला, तेव्हा बक्षीस गेलं.

काब्राल प्रकरणात कबुली नव्हती. उरलं अनुमान. पाच तज्ज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तपासणी केली. मानेवरचे केसांचे झुबके, डोक्यावरचे पट्टे, शरीराची ठेवण, सगळं नको तितकं जुळत होतं. आधीच्या-नंतरच्या फ्रेम मागवल्या, त्यांत मुंगीखाऊ नव्हता. अनुमान चुकूही शकतं, म्हणून तर नैयायिक प्रतिज्ञेपाठोपाठ, म्हणजे सिद्ध करायच्या विधानापाठोपाठ, हेतू म्हणजे त्याचं कारण मागतात. म्युझियमनं हेतू जाहीर केला, आणि या निकालाचं मोठेपण शिक्षेपेक्षा त्यात जास्त आहे. आपल्याकडच्या स्पर्धांच्या पत्रकांवर शेवटची ओळ ठरलेली: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. नुसती प्रतिज्ञा! हरलेल्याला कारण कळत नाही, जिंकलेल्यालाही नाही.

२०२४मध्ये उलटंच घडलं. फोटोग्राफर माइल्स ॲस्ट्रे यांनी ‘१८३९ अवॉर्ड्स’ या फोटोस्पर्धेच्या एआय विभागात कॅमेऱ्यानं टिपलेला खराखुरा फ्लेमिंगो पाठवला. पोट खाजवताना त्याचं डोकं दिसेनासं झालं होतं, त्यामुळे तो यंत्रानं रचलेला वाटे. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानातही तो जिंकला. मग ॲस्ट्रे यांनी खरं सांगितलं. आयोजकांनी त्यांच्या हेतूचं कौतुक केलं, आणि त्या विभागातल्या इतर स्पर्धकांवर अन्याय नको म्हणून फोटो बाद केला.