अडखळत्या जिभेचा उपदेश

खेड्यांतील पुष्कळ प्रचारकांच्या मनांत रविवारची उपासना आटोपल्यावर एक खंत राहते. दाखला चुकला, अर्धें बोलणें विसरलें, मागें बसलेले म्हातारे पेंगूं लागले. अशा उपदेशांतूनही देव कार्य करील असें मानणें हा विश्वास, कीं आपल्या उणेपणावर घातलेलें पांघरूण?

सन १८५० च्या जानेवारींत इंग्लंडांतील कोल्चेस्टर गांवीं बर्फाचें वादळ झालें. १५ वर्षांचा एक मुलगा वाटेंतील लहानशा मेथडिस्ट मंदिरांत शिरला. आंत बारापंधरा माणसें होतीं. पाळक आला नव्हता. म्हणून एक अल्पशिक्षित गृहस्थ उपदेशास उभा राहिला. त्याचे उच्चारही धड नव्हते. देवाकडे वळण्याविषयीं यशयाच्या ४५ व्या अध्यायांत जें वचन आहे, तेंच तो पुनःपुन्हां सांगत राहिला. दुसरें सांगण्यासारखें त्याच्यापाशीं फारसें नव्हतेंच. मग त्याची दृष्टि त्या मुलावर गेली व तो थेट त्याच्याशींच बोलूं लागला. त्या मुलाचें मन तेथेंच पालटलें. तो चार्ल्स स्पर्जन. पुढें १८६१ सालीं लंडनांत उघडलेल्या मोठ्या मंदिरांत हजारों लोक त्याचा उपदेश ऐकावयास येत. तो गृहस्थ मात्र कोण, हें आजवर निश्चित झालेलें नाहीं.

ह्यावरून कित्येक म्हणतात, तयारीची गरजच काय? मला हें पटत नाहीं. तो गृहस्थ ऐन वेळीं उभा राहिला व होतें तें त्यानें दिलें. ज्याला आठवडाभर अवकाश होता, त्यानें त्याच्या आड कां लपावें? पाऊस देवाच्या हातीं आहे, म्हणून कोणी कुणबी किडकें बीं पेरीत नाहीं.

जिभेचा दोष तरी सोपा, अंतःकरणाचा कठीण. योनाचा निनवेंतील उपदेश मूळ हिब्रूंत अवघ्या ५ शब्दांचा, आणि त्यांत दयेचा एकही शब्द नाहीं. नगर वांचलें, तेव्हां तो रागावून बसला! लोक वळले म्हणून योना चांगला ठरला नाहीं. आणि योना तसा होता म्हणून लोकांचा पश्चात्ताप खोटा ठरला नाहीं. हे दोन हिशेब निराळे आहेत, व आपण प्रचारक ते नेहमीं एकत्र मांडतों. रविवारच्या खंतेचें पुष्कळसें मूळ येथेंच आहे.

त्या बर्फाच्या सकाळीं कोल्चेस्टरांत बाकीचे दहाबारा जण काय घेऊन घरीं परतले, हें कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं.