शर्यत कोणी सोडली?

शब्बाथ शाळेत शिकविणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मुलांना शर्यतीचा धडा दिलेला असतो. फळ्यावर खडूने लांब रेघ ओढायची, एका टोकाला धावणारा माणूस काढायचा, दुसऱ्या टोकाला मुगुट काढायचा, आणि मग पौलाच्या पत्रांतील ती सर्वांच्या परिचयाची वचने मुलांकडून वाचून घ्यायची. आम्हीही हा धडा बरीच वर्षे दिला. मात्र तो देणाऱ्यांपैकी कोणीही लांब पल्ल्याची शर्यत कधी धावलेला नव्हता. बस चुकू नये म्हणून स्टँडपर्यंत पळणे, एवढाच काय तो आमचा अनुभव.

दोन वर्षांपूर्वी आमच्या बेळगावच्या मंडळीतील चौघांनी शेजारच्या शहरातील एका हाफ मॅरेथॉनसाठी नावे दिली. अंतर 21.1 किलोमीटर. आम्ही तिघे चाळिशीच्या आसपासचे. चौथे आमच्या शब्बाथ शाळेचे ज्येष्ठ शिक्षक, वय वर्षे 56. त्यांना मंडळीत लहानथोर सगळेच 'सर' म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो.

शर्यत रविवारी होती. बहुतेक शर्यती रविवारीच असतात. मंडळीतील काही वडिलांना हे रुचले नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. एरिक लिडेलने 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून ती शर्यतच सोडली, आणि पुढे चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. आम्ही पहाटे धावून सायंउपासनेला हजर राहण्याची तडजोड केली. तो प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर कोणीतरी स्वतंत्रपणे लिहावे. आमच्या मनाला जो प्रश्न लागून राहिला तो दुसराच आहे.

पावसाळा ओसरल्यावर आम्ही पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जमू लागलो. पहिल्या आठवड्यात दोन किलोमीटरांतच छातीचा भाता झाला. मग एका जाणकाराने सांगितले की चार मिनिटे धावा, एक मिनिट चाला, आणि आठवड्याचे लांब अंतर एकदम न वाढवता एकदोन किलोमीटरांनी वाढवा. मांड्या घासू नयेत म्हणून व्हॅसलीन लावा. अंगठ्याची नखे काळी पडली तर घाबरू नका. त्याची सर्वांत मोलाची सूचना अशी होती की धावताना शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे. वाक्य तुटू लागले की वेग आपला नव्हे, उसना आहे असे समजा. ह्यामागचे कारणही त्याने सांगितले. वेगाने धावणारे शरीर स्नायूंत साठविलेली साखर भराभर जाळते, आणि तो साठा मर्यादित असतो. सावकाश धावणाऱ्याचे शरीर चरबीवरही बरेचसे भागविते. म्हणजे पहिल्या पाच किलोमीटरांतील उधळपट्टीचे बिल शेवटच्या पाच किलोमीटरांत हाती पडते.

सरांना ही बोलत धावण्याची रीत फार आवडली. अडीच महिने आम्ही धावत धावत गप्पा मारल्या, गीते म्हटली, मंडळीच्या पंचवार्षिक भांडणांचा निकालही लावला. शर्यतीच्या आदल्या रविवारी चहा घेताना ठरले की किलोमीटरला साडेसात मिनिटे ह्या वेगाने जायचे आणि चौघांनी एकत्र संपवायचे. त्यावर चौघांनी हात मिळविले. त्याच सकाळी सरांनी वर्गात शर्यतीचा धडा दिला होता, आणि पुढल्या रविवारी आपण स्वतःच धावणार आहोत हेही मुलांना सांगून टाकले होते.

शर्यतीच्या पहाटे ढोल वाजत होते, हजारो माणसे होती, दिव्यांचा झगमगाट होता. पहिला किलोमीटर आम्ही सहा मिनिटांत कापला. घड्याळ सर्वांनी पाहिले, पण कोणी काही म्हटले नाही. दुसराही तसाच गेला. तिसऱ्यानंतर आमच्यातले बोलणे थांबले होते, हे आज आठवते. त्या वेळी ते आम्हाला एकाग्रता वाटले. सर मागे पडू नयेत म्हणून ओढून धावत होते आणि आम्ही तिघे एकमेकांच्या मागे पडू नये म्हणून. सोळाव्या किलोमीटरच्या फलकाजवळ एक लहानसा पूल होता. तेथे सर थांबले, गुडघ्यांवर हात टेकले आणि मग कठड्यावर बसले. चेहरा पांढरा पडला होता. ते म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा, मी येतो मागून."

आम्ही पुढे झालो.

दोन तास एकावन्न मिनिटांनी आम्ही तिघांनी रेघ ओलांडली. पदके गळ्यात पडली, फोटो निघाले. सर रुग्णवाहिकेतून आले. तंबूत त्यांना सलाईन लावले होते. दुपारपर्यंत ते ठीक झाले, देवाची कृपा. परतीच्या गाडीत ते सारा वेळ खिडकीबाहेर पाहत होते. पुढले तीन रविवार ते वर्गावर आले नाहीत. आम्ही घरी गेलो तेव्हा म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने मुलांना शिकवू? मी अर्ध्यात टाकली."

तेव्हा प्रश्न असा की अर्ध्यात थांबणे हा दोष आहे काय?

ह्या प्रश्नाला मॅरेथॉनच्या इतिहासात एक विलक्षण उदाहरण आहे. 14 जुलै 1912 रोजी स्टॉकहोममध्ये ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. दिवस कडक उन्हाचा होता. जपानचा शिझो कानाकुरी हा तरुण आगगाडीने सैबेरिया ओलांडून, दोन आठवड्यांहून अधिक प्रवास करून तेथे पोहोचला होता. अर्ध्याहून अधिक अंतर गेल्यावर उष्म्याने त्याचे बळ संपले. वाटेवरच्या एका घराच्या बागेत त्याला आसरा मिळाला, प्यायला मिळाले, आणि तो तेथेच राहिला. लाजेमुळे त्याने पंचांना काहीच कळविले नाही आणि गुपचूप मायदेशी गेला. स्वीडनमध्ये त्याची नोंद बेपत्ता अशी राहिली. त्याच शर्यतीत पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो होता. उन्हापासून बचाव म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप लावला होता असे सांगतात. त्यामुळे घाम कोंडला. तो थांबला नाही. सुमारे तीस किलोमीटरांवर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. कानाकुरी 1983 पर्यंत, वयाच्या 92 व्या वर्षापर्यंत जगला.

आता ह्या दोघांत टिकाव धरणारा कोण आणि सोडून देणारा कोण? लाझारोला दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. बिचाऱ्याला शरीर काय सांगते आहे हे कळले नसावे. परंतु मरेपर्यंत न थांबणे म्हणजेच धीर, असे जे आपण मुलांना नकळत शिकवितो, ते ह्या उदाहरणापुढे उभे राहत नाही. पायांचा शिणवटा आणि शरीराने दिलेला इशारा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिणवट्याला नाही म्हणायचे असते, घेरी आली की हो म्हणायचे असते. दोन्हींतला फरक धावणाऱ्यालाच आतून कळतो. कडेला उभे राहून निकाल देणाऱ्याला तो कळत नाही.

कानाकुरीचे चुकले असेल तर ते थांबण्यात नव्हे, लपण्यात. तेही त्याने पुढे भरून काढले. 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा उतरला आणि सोळावा आला. त्या शर्यतीत त्याच्यामागून सुमारे दोन मिनिटांनी, एकोणिसाव्या क्रमांकाने, कोण पोहोचले ठाऊक आहे? आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची मुले पाहून सर दोराबजी टाटांनी ज्यांना परदेशी धाडण्याची खटपट केली, त्या तुकडीतले ते. त्यांच्याबरोबर मॅरेथॉनला उतरलेले दुसरे भारतीय, दातार, शर्यत पुरी करू शकले नाहीत. चौगुल्यांचे नाव निदान बेळगावात तरी लोक काढतात, दातारांचे कोणी काढीत नाही. पण आपला देश नुकताच जेथे पाऊल ठेवीत होता, त्या रेघेवर दोघेही उभे होते.

1967 साली स्टॉकहोमच्या लोकांनी कानाकुरीला बोलावून घेतले आणि त्याला राहिलेली शर्यत पुरी करू दिली. घड्याळातली वेळ जाहीर झाली ती अशी: 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस, 5 तास, 32 मिनिटे, 20.3 सेकंद. सरांना हे आम्ही सांगितले तेव्हा बऱ्याच दिवसांनी ते हसले.

पण सरांचे समाधान करताना आमचेच मन अस्वस्थ होऊ लागले. त्याचे कारण सांगतो.

शर्यतीला उतरणारा मनाशी म्हणतो की मी ही पुरी करीन. हे वचन त्याने स्वतःलाच दिलेले असते. दुसऱ्याला दिलेल्या वचनातून तो दुसरा आपल्याला मोकळे करू शकतो. स्वतःला दिलेल्या वचनातून मोकळे करणारा कोण? आपणच. आणि पाय दुखत असताना आपण फार उदार न्यायाधीश असतो. म्हणून असे वचन मोडणाऱ्याला स्वतःचाच संशय येतो, आपण खरोखर थकलो होतो की निमित्त शोधले? सरांना हाच संशय खात होता. तो प्रामाणिक माणसालाच खातो.

आता आमच्याकडे पाहा. आम्ही स्वतःला दिलेले वचन पाळले. पण चहाच्या टेबलावर हात मिळवून एकमेकांना दिलेले वचन साडेसात मिनिटांचे होते आणि बरोबर राहण्याचे होते. त्यातले पहिले आम्ही ढोल वाजताच मोडले आणि दुसरे सोळाव्या किलोमीटरला. गंमत अशी की ज्याने स्वतःचे वचन मोडले त्याने तीन रविवार तोंड लपविले, आणि ज्यांनी दुसऱ्याचे मोडले ते पदके घालून सायंउपासनेला आले, आणि पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून त्यांचे अभिनंदन केले.

कोणी म्हणेल, सरांनीच तुम्हाला मोकळे केले होते. पुढे व्हा असे ते म्हणाले होते. आम्हीही मनाशी बरेच दिवस हेच म्हणत होतो. पण ज्याला उभे राहवत नाही त्याच्या तोंडची परवानगी ही परवानगी असते की भिडस्तपणा? आपल्या घरांतून आजारी माणूस काय म्हणतो ते आठवा. "माझ्यासाठी कोणी जागू नका." म्हणून आपण झोपतो का? त्याच्या शब्दांना आपण मान देत नाही, त्याच्या चेहऱ्याला देतो. सरांचा चेहरा आम्ही पाहिला होता.

शर्यतीच्या धड्यासाठी आपण इब्री लोकांस पत्राचा बारावा अध्याय उघडतो, धीराने धावण्याविषयी वाचतो आणि पुस्तक मिटतो. आमचेही तसेच होई. ह्या खेपेस सहज पुढे वाचीत गेलो. दहाबारा वचनांनंतर तोच लेखक गळालेल्या हातांकडे आणि लटपटणाऱ्या गुडघ्यांकडे वळतो, आणि लंगड्याचा पाय अधिक दुखावू नये अशा वाटा करायला वाचकांना सांगतो. इतकी वर्षे हा भाग धड्याबाहेर का राहिला कोण जाणे. कदाचित फळ्यावरच्या रेघेवर एकच माणूस काढायची सवय असल्यामुळे. पौलाच्या पत्रातही सगळे धावतात आणि बक्षीस एकालाच मिळते असा दाखला आहे. करिंथजवळच्या इस्थमियन खेळांत विजेत्याला पानांचा मुगुट मिळे हे त्याच्या वाचकांना माहीत होते. दाखला समजावून घेताना आपण फक्त मुगुटवाल्याकडे पाहत राहिलो तर ती चूक दाखल्याची नव्हे, आपली आहे.

चौथ्या रविवारी सर वर्गावर आले. आम्हीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. सरांनी काहीही न लपविता मुलांना सारे सांगितले. पूल, कठडा, सलाईन, सगळे. मुलांनी कानाकुरीची गोष्ट दोनदा सांगायला लावली. मग पुढच्या रांगेतला एक दहाअकरा वर्षांचा मुलगा मागे वळून आमच्याकडे पाहू लागला.

"काका, सर बसले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथेच होतो."

"मग का थांबला नाही?"

आम्ही म्हणालो की शर्यतीला वेळेची मर्यादा असते, ती चुकली असती.

"किती वेळ होता?"

साडेतीन तास, असे आम्ही सांगितले. मुलाने बोटांवर हिशोब केला. आमचे दोन तास एकावन्न मिनिटे सर्वांना पाठ होते, कारण गेला महिनाभर आम्हीच ते सांगत फिरत होतो.

"म्हणजे एकोणचाळीस मिनिटं उरली होती की," तो म्हणाला.

सरांनी त्याला पुढे पाहायला सांगितले आणि गीतपुस्तके वाटायला घेतली.