आधी हात कळू द्या

जमिनीवर बसा. फरशी गार असेल तर चटई घ्या. पिल्लू त्याच खोलीत असू द्या. त्याला बोलावू नका, उचलू नका. मांडी घाला, पाठ सैल सोडा आणि एक हात, तळवा वर करून, गुडघ्यावर ठेवा. आता काही वेळ या हाताचंच मनन करायचं आहे. पिल्लाला पुढे जे जे शिकवाल, ते बहुतेक सगळं याच हातातून त्याच्यापर्यंत पोहोचणार आहे.

श्वास संथ होऊ द्या. मग पिल्लाकडे पाहा. ते आठ आठवड्यांचं आहे असं धरू. इमारतीच्या आडोशाला थंडीत व्यालेल्या देशी कुत्रीचं ते पिल्लू. जन्मलं तेव्हा त्याचे डोळे मिटलेले होते, कानही बंद होते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडले, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कान. म्हणजे ऐकायला लागून त्याला जेमतेम पाच आठवडे झाले. इतके दिवस ते आईच्या पोटाशी, भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं. आज त्याच्याभोवती फिनाईलचा वास आहे, कुकरची शिट्टी आहे, दारावरची बेल आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्यांचे मोठमोठे पाय आहेत. त्याच्या उंचीवरून हे घर कसं दिसत असेल, ते डोळ्यांसमोर आणा.

मनाशी विचारा, या घटकेला याला माझ्याकडून काय हवं आहे? उत्तराची घाई नको.

पिल्लू कदाचित जवळ येईल. हाताचा वास घेईल, चाटेल, मागे सरेल. हात हलवू नका. निघून गेलं तर जाऊ द्या. परत आलं, की हनुवटीखाली किंवा छातीवर हलकेच खाजवा. डोक्यावरून येणाऱ्या हाताने लहान पिल्लू दबकतं, म्हणून हात खालून येऊ द्या. चार-पाच सेकंदांनी थांबा. ते स्वतःहून टेकलं, हाताला ढुसणी दिली, तर पुन्हा खाजवा. तोंड फिरवलं, जीभ ओठांवरून फिरवली, अंग आखडलं, तर हात मागे घ्या. ‘नको’ म्हटलेलं इथे ऐकलं जातं, हे त्याला कळलं. याहून मोठा धडा पहिल्या दिवशी कोणता शिकवणार?

आता त्याच्या वयाचा विचार करा. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन माणसांसाठी, आवाजांसाठी, नव्या जागांसाठी उघडं असतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत काही पिल्लं माणसांच्या सहवासाशिवाय वाढवली गेली. त्यांना वेगवेगळ्या वयात थोडे दिवस माणसांत आणलं गेलं. चौदा आठवडे पुरे होईपर्यंत जी माणसांपासून दूर राहिली, ती पुढेही माणसांना बिचकत राहिली. हे संशोधन 1961 साली प्रसिद्ध झालं. त्या पिल्लांना कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. त्यांना माणसाचा हात वेळेवर भेटला नव्हता, इतकंच. हे क्षणभर मनात राहू द्या. तुमच्या पिल्लाच्या या मुदतीतले सुमारे पाच आठवडे तर आधीच सरले आहेत.

म्हणून या दिवसांत त्याला जग दाखवायचं, पण बेताबेताने. लसींचे डोस पुरे झाले नसतील, तर अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका. कडेवर घ्या आणि गेटपाशी उभे राहा. रिक्षा जाईल, छत्री उघडेल, शाळेतून मुलं येतील, लांबून ढोल वाजेल. पिल्लाचं अंग तुमच्या हाताला जाणवतंय. ते सैल आहे की ताठ? ताठ झालं तर दोन पावलं मागे या, आवाज लांब पडू द्या, तोंडाशी खाऊचा एक कण धरा. कण घेतला, तर ते ठीक आहे. घेतला नाही, तर आजचं जग पुरे झालं. घरी चला.

तो खाऊचा कणही नीट पाहा. उकडलेल्या चिकनचा, अंड्याचा किंवा पनीरचा, तुरीच्या दाण्याएवढा. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट या हातातून कधीच जायला नको. कुत्र्याला ते घातक आहे. आता पिल्लाचं नाव घ्या, एकदाच, हळू. त्याने पाहिलं, की त्याच क्षणी कण द्या. क्षणाला इथे फार किंमत आहे. पिल्लू बसलं आणि ते उठल्यावर तुम्ही खाऊ दिलात, तर त्याच्या लेखी बक्षीस उठण्याचं झालं. दोन-तीन मिनिटं एवढं करून थांबा. आणि ते नाव रागावताना कधी वापरू नका. नाव कानावर पडलं, की चांगलंच काही होतं, अशी त्याची खात्री पटू द्या.

ते खेळता खेळता हाताला चावेल. त्याच्या तोंडात अठ्ठावीस दुधाचे दात आहेत, सुईसारखे. चौथ्या महिन्याच्या आसपास ते पडू लागतील आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के दात येतील. तोवर हिरड्या शिवशिवणार आणि जगाची ओळख तोंडानेच होणार. चावणं हा त्याचा स्वभाव वाईट असल्याचा पुरावा नव्हे. भावंडांत ते जोरात चावलं, की समोरचं पिल्लू केकाटून खेळ सोडायचं. किती जोर चालतो, हे त्याला तिथे कळायचं. आता ते काम तुमच्याकडे आलं. हात सैल सोडा, झटका देऊ नका. खेळ थांबवा, थोडं वळून बसा. मग चावायला जुनी दोरी किंवा खेळणं द्या. थोबाडीत मारलेल्या पिल्लाला हाताचीच भीती बसते आणि घाबरलेलं कुत्रं मोठेपणी खरंच चावतं. दातांनी कातडी फाटली, तर मात्र साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक खोल श्वास घ्या. आता फरशीवरची शू आठवा.

दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ शू धरून ठेवता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळ संपल्यावर त्याला ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे गप्प उभं राहायचं, झालं की तिथल्या तिथे खाऊ द्यायचा. घरात झाली तर पुसून टाकायची, बस. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच येतो. नाक घासणं, ओरडणं, तासाभराने नेऊन डबकं दाखवणं, यातून त्याला काहीच उमगत नाही. ‘बघा, चेहऱ्यावरूनच कळतंय, याला चूक समजलीय,’ असं आपण म्हणतो. संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हाच चेहरा तपासला. कुत्र्याने आगळीक केलेली असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा दिसायचा. ज्याला आपण पश्चात्ताप समजतो, ते आपल्या रागाला दिलेलं उत्तर असतं. मागे कधी पिल्लावर ओरडला असाल, तर ते आठवून स्वतःला दोष देत बसू नका. फक्त हे समजलेलं असू द्या.

पिल्लू आता पेंगुळलं असेल. दिवसाचे अठरा ते वीस तास ते झोपतं, आणि शिकलेलं झोपेत मुरतं. झोपलेल्याला उचलू नका, मुलांनाही उचलू देऊ नका. ते जागं, पण सैलावलेलं असताना एक पंजा हातात घ्या, लगेच सोडा, खाऊ द्या. कानाची पाळी उचला, सोडा, खाऊ द्या. ओठ वर करून दात पाहा, सोडा, खाऊ द्या. उद्या डॉक्टर हेच करणार आहेत. ज्या हाताने धरलं, तो सोडतोही, हे माहीत असलेलं पिल्लू टेबलावर थरथरत नाही. पट्ट्याचंही तसंच. आधी नुसता गळ्यात घालायचा, मग साखळी न लावता घरभर फिरू द्यायचं, मग दोरी हातात घेऊन त्याच्या मागे तुम्ही चालायचं. ओढाओढीने सुरुवात केली, तर ती दोघांच्या अंगवळणी पडते.

शेवटी एका फार जुन्या पिल्लाचा विचार करू. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली एक दफन सापडलं, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि सात महिन्यांचं एक कुत्रं होतं. त्याच्या दातांवरच्या खुणा पाहून अभ्यासकांनी 2018 साली मांडलं, की ते डिस्टेंपरने दीर्घकाळ आजारी होतं आणि माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय इतके दिवस जगलंच नसतं. त्या आजारी पिल्लाचा शिकारीला काही उपयोग नव्हता. तरी कुणीतरी त्याला पाणी पाजलं, ऊब दिली, स्वच्छ ठेवलं. तुमच्या पिल्लाला जी लस टोचली जाते, ती त्याच आजारावरची. आज आपल्याकडे लस आहे, डॉक्टर आहेत, चांगलं अन्न आहे. धीर मात्र प्रत्येक घराला आपापला उभा करावा लागतो.

म्हणून उठण्यापूर्वी मनात म्हणा: मी याला मारणार नाही. याचं नाव रागाने घेणार नाही. याला जमेल तेवढंच मागेन, आणि जमलं की त्याच क्षणी सांगेन. दमलं की थांबेन. आणि घरातल्या लहानथोरांना, कामाला येणाऱ्या मावशींना, पाहुण्यांनाही हेच करायला सांगेन. कारण पिल्लू एकट्या माझ्याकडून शिकत नाही, ते या घरातल्या प्रत्येक माणसाकडून शिकतं.