पूर्ण झालेल्या कामाचा धनी कोण?

गणपतीचे विसर्जन करताना आपले मन जड होते, परंतु त्यात अन्याय झाला असे कोणालाही वाटत नाही. मूर्तिकाराने महिनोन्‌महिने खपून घडविलेली ती मूर्ती पाण्यात विरघळणार, हे त्यालाही ठाऊक असते आणि आपल्यालाही. ज्या कार्यासाठी ती घडली ते पार पडलेले असते. तिची प्रतिष्ठा झाली, पूजा झाली, आरतीला आळीतली मुले जमली, चार माणसांनी तिच्यापुढे हात जोडले. विसर्जन पूजेनंतर येते, म्हणूनच ते विसर्जन ठरते. आता अशी कल्पना करा की, मूर्ती घडून, रंगून, तिच्या डोळ्यांची आखणीही झाली आहे; आणि ज्याने ती करवून घेतली तो ठरलेले मोल चुकते करून म्हणतो, "ही कोणाला दाखवायची नाही. फोडून टाका." मूर्तिकाराची एक पैही बुडालेली नाही. मग आपल्या मनाला खटकते ते नेमके काय?

हा प्रश्न नुसता कल्पनेतला नाही. चित्रपटाच्या धंद्यात तो गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष उभा राहिला आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत वॉर्नर आणि डिस्कव्हरी या दोन मोठ्या कंपन्यांचे एकत्रीकरण झाले. पुढे चारच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, या नव्या कंपनीने 'बॅटगर्ल' हा चित्रपट प्रदर्शित न करण्याचे जाहीर केले. ग्लासगो शहरात त्याचे चित्रीकरण झाले होते, पुढचे संस्कार चालू होते, आणि खर्च सुमारे ९ कोटी डॉलरपर्यंत गेल्याचे वृत्तपत्रांनी दिले होते. ज्यांनी त्यात काम केले त्यांच्यासाठी स्टुडिओच्या आवारात काही खाजगी खेळ झाले. त्यांना 'अंत्यविधीचे खेळ' असे नाव पडले. एखादी प्रत आपल्या हाती राहावी म्हणून दिग्दर्शक धडपडले, तेव्हा जेथे ती साठविली होती तेथील प्रवेशच बंद झालेला होता, असे त्यांनी पुढे सांगितले.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच कंपनीने 'कायोटी व्हर्सेस ॲक्मी' हा सुमारे ७ कोटी डॉलर खर्चाचा, सर्वतोपरी पूर्ण झालेला चित्रपट बाजूस सारला. त्याचे कथानक असे की, एका कंपनीच्या सदोष मालाने वारंवार जायबंदी झालेला एक प्राणी वकील गाठून त्या कंपनीस न्यायालयात खेचतो! मोठी ओरड झाली, तेव्हा तो इतरत्र विकण्याची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये केचम एंटरटेनमेंट या संस्थेने त्याचे हक्क घेतले. आपल्याकडेही असे घडले आहे. एका काश्मिरी कुटुंबाच्या तीन पिढ्यांवर दिबाकर बॅनर्जी यांनी नेटफ्लिक्ससाठी 'टीस' हा चित्रपट पूर्ण केला. त्या कंपनीने तो प्रदर्शित केला नाही. २०२४ साली धरमशालेच्या चित्रपट महोत्सवात तो मोजक्या लोकांना पाहावयास मिळाला, इतकेच.

असे निर्णय घेणारे लोक वेडे नव्हेत. त्यांचा हिशेब त्यांच्या परीने सरळ आहे, आणि निवाडा करण्यापूर्वी तो समजून घेणे हे आपले कर्तव्य आहे. चित्रपट तयार झाला म्हणजे खर्च संपला असे होत नाही. मोठ्या चित्रपटाच्या जाहिरातीवर आणि वितरणावर होणारा खर्च कधी कधी निर्मितीच्या खर्चाशी बरोबरी करतो. तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहाचा. तेव्हा १० कोटींचा चित्रपट २० कोटींचा गल्ला करूनही तोट्यात असू शकतो. 'बॅटगर्ल' तर घरबसल्या पाहण्याच्या सेवेसाठी योजलेला होता. कंपनीचे धोरण बदलताच तो त्या सेवेला फार महाग आणि चित्रपटगृहाला फार लहान ठरला. झालेला खर्च परत येत नाही; तेव्हा त्याच्या मागे आणखी पैसा घालावा की नाही, एवढाच प्रश्न उरतो, असे व्यापारी म्हणतो. त्यात चूक नाही.

यापुढची पायरी मात्र निराळी आहे. चित्रपट सोडून दिला की त्याचा खर्च तोटा म्हणून खाती पडतो आणि तेवढा कर वाचतो. अमेरिकेत कंपन्यांवरील संघीय कराचा दर २१ टक्के आहे. त्या दराने ९ कोटींच्या तोट्यावर सुमारे १ कोटी ९० लाखांचा कर वाचेल. यामुळे तोट्याचा नफा होतो असा जो समज पसरला आहे तो बरोबर नाही. ९ जाऊन २ वाचणे हा नफा नव्हे. पण ही बचत निश्चित असते आणि प्रेक्षकांकडून येणारे उत्पन्न अनिश्चित. शिवाय एकत्रीकरणानंतरच्या ठराविक मुदतीत असे तोटे एकदम दाखविण्याची सोय असते. निश्चित थोडक्यासाठी अनिश्चिताला गाडून टाकावे, असा हा सौदा आहे. आपल्याकडेही केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१५ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयास अनुसरून, सोडून दिलेल्या चित्रपटाचा निर्मितिखर्च महसुली खर्च म्हणून वजा करण्यास मान्यता दिली. ती न्याय्यच होती. नायकाचे निधन झाले, पैसा संपला, चित्रपट अर्धवट राहिला, तर त्या बिचाऱ्या निर्मात्यावर कर कशाचा घ्यावा? पण दुर्दैवाने बुडालेले आणि हिशेबाने बुडविलेले, यांतला भेद वहीच्या रकान्यात दिसत नाही. तो मनुष्याच्या विवेकानेच पाहावा लागतो.

येथे आमच्या मुलखातला एक शेतकरी माझ्याशी वाद घालू शकेल, आणि त्याचा वाद मला सर्वांत जड वाटतो. पांढुर्णा-सौंसरचा हा पट्टा संत्र्यांचा आहे. तिगावच्या स्टेशनावरून गाडी पुढे निघाली की दुतर्फा बागा लागतात. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी तोडणी, भरणी आणि वाहतूक यांची मजुरीसुद्धा निघत नाही, तेव्हा बागाईतदार फळ झाडावरच राहू देतो. तो म्हणेल, "वकीलसाहेब, वर्षभर पाणी दिलेले फळ मी मातीत जाऊ देतो, तेव्हा मला कोणी पापी म्हणत नाही. मग त्या सिनेमावाल्याला का म्हणता?" उत्तर असे आहे की, फळ मातीत गेल्याने शेतकऱ्याला काही मिळत नाही, ते मातीत गेलेच पाहिजे अशी त्याची अट नसते. उलट, तोडणी परवडत नाही असे कळताच तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना, वाटसरूंना, पोराबाळांना म्हणतो, "घेऊन जा लागतील तेवढी." विकत नाही, पण कोणी खाल्ले तर त्याला समाधानच वाटते. या स्टुडिओचा व्यवहार नेमका याच्या उलट आहे. तेथे कोणीही न चाखण्यावर त्याची बचत अवलंबून असते. बाग सोडून देणारा आणि बागेला कुलूप लावणारा, हे एकाच पंक्तीत बसत नाहीत.

मराठी चित्रपटसृष्टीच्या आरंभी याच कसोटीचे प्रसंग आले होते. १९३१ साली 'आलम आरा'ने बोलपटाचे युग सुरू केले, तेव्हा दादासाहेब फाळके यांचा 'सेतुबंधन' हा चित्रपट मूक म्हणून चित्रित झालेला होता. काळ बदलल्यामुळे तयार माल एका रात्रीत जुना ठरला. तो गुंडाळून ठेवण्यास याहून सबळ कारण कोणते असते? तरी त्यास मागाहून ध्वनी जोडून तो लोकांपुढे आणला गेला. प्रभात कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला. जर्मनीत त्यावर प्रक्रिया झाली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. एवढा खर्च आणि एवढी निराशा पदरी येऊनही तो चित्रपट प्रेक्षकांसमोर गेला. हे लोक काही धर्मादाय संस्था चालवीत नव्हते. त्यांनाही देणी होती. पण बरे-वाईट ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकाचा आहे, आणि तो त्याच्याकडून काढून घेणे आपल्याला शोभत नाही, अशी एक रीत त्यांच्या व्यवहारात दिसते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे सांगणे माझ्या व्यवसायाला धरून आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' म्हणजे दिग्दर्शक नव्हे, छायालेखक नव्हे, तर निर्माता. याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने कर्त्याला आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा विशेष अधिकार दिलेला आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प सरकारने १९७९ साली काढले, तेव्हा २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे त्यांना ५ लाख रुपये भरपाई दिली आणि शिल्पाचे अवशेष परत देवविले. कृतीचा नाश हा तिच्या विद्रूपीकरणाचाच टोकाचा प्रकार होय, असे त्या निर्णयाचे मर्म आहे. उलट राज रेवाल यांची 'हॉल ऑफ नेशन्स' ही वास्तू २०१७ साली पाडली गेली, तेव्हा त्याच न्यायालयाने २०१९ साली वास्तुशिल्पकाराचा हक्क मालकाच्या पाडण्याच्या हक्काआड येत नाही असे ठरविले. चित्रपटात तर असा वाद उभाच राहू शकत नाही. कारण कुलूप लावणारा आणि कायद्याच्या लेखी कर्ता, हे बहुधा एकच असतात. लोकांपासून रोखून ठेवलेल्या कृतीसाठी सक्तीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती आधी प्रसिद्ध झालेल्या कृतीपुरती, आणि अप्रकाशित असेल तर कर्ता मृत वा बेपत्ता असल्यास. जिवंत मालकाने पेटीत ठेवलेला नवा चित्रपट तिच्या कक्षेत येत नाही.

तथापि पैसे देणाऱ्याची सत्ता ज्यावर पूर्ण चालत नाही अशी वस्तू कायद्याला मुळीच ठाऊक नाही, असे नाही. मंदिर बांधणारा यजमान प्रतिष्ठेनंतर त्याचा मालक उरत नाही, हे आपण सर्व जाणतो. प्रमथनाथ मलिक यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली, देवतेची मूर्ती ही सेवेकऱ्याने मनास येईल तशी हलवावी अशी जंगम चीजवस्तू नव्हे, असे ठरविले. चित्रपटाला देवत्व आहे असे मला सुचवावयाचे नाही. एवढेच म्हणावयाचे की, काही वस्तू ज्या क्षणी पूर्ण होतात त्या क्षणापासून त्यांच्यावर इतरांचाही हक्क जडतो, हे आपल्या परंपरेस आणि न्यायालयास, दोघांसही परके नाही.

यावर एक धार्मिक आक्षेप येईल. गीता तर फळाची आशा सोडावयास सांगते. कारागिराने काम केले, वेतन घेतले, पुढे चित्रपट दाखविला की न दाखविला याचे त्याला काय? हा आक्षेप वरवर उदात्त दिसतो, पण त्यात एक मोठी गफलत आहे. फळाचा त्याग ज्याचा त्याने करावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. भुकेल्याचे ताट ओढून घेऊन त्याला उपवासाचे पुण्य सांगणे, हा त्याचाच नमुना होय. आणि मोठ्या चित्रपटात ताटे शेकडो असतात. सुतार, रंगारी, शिंपी, दिवे धरणारे, वादक, पहिल्यांदाच पडद्यावर येणारी मुलगी. सेतू बांधताना खारीने वाळूचे कण आणून टाकले, त्या कथेवरून आपण 'खारीचा वाटा' म्हणतो. त्या वाट्याचे वेतन काय होते? सेतू उभा राहिला आणि त्यावरून सेना पार गेली, हेच. सेतू पूर्ण झाल्यावर तो कोणालाही ओलांडू न देता बुडवावा, तर खारीचे कण आणि नळाच्या शिळा सारख्याच व्यर्थ.

तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्याची कथा प्रभातच्या 'संत तुकाराम'ने १९३६ साली घरोघर पोहोचविली. परंपरा म्हणते, वह्या तरल्या. न मानणारेही एवढे मानतील की, अभंग लोकांच्या ओठांवर होते म्हणून त्यांना बुडविणे कोणालाच शक्य नव्हते. जे एकदा ऐकले गेले त्याला पाणी बुडवीत नाही. न दाखविलेल्या चित्रपटाला हे भाग्य नाही. तो कोणाच्या स्मरणात नसतो. त्याला तारील असा एकही कंठ नसतो.

मग करावे काय? मालकाला तोट्यात प्रदर्शन करण्याची सक्ती करावी, असे मी म्हणत नाही. ते अन्यायाचे होईल. पण आपल्या कायद्यात एक सुंदर तत्त्व आधीच आहे. लेखकाने हक्क लिहून दिले आणि घेणाऱ्याने ते वर्षभरात वापरले नाहीत, तर करारात निराळे ठरले नसल्यास ते हस्तांतरण सरले असे मानतात. करार करणारे 'निराळे' बहुधा ठरवितातच, ही गोष्ट वेगळी. हेच तत्त्व पूर्ण झालेल्या चित्रपटास लावावे. ठराविक मुदतीत प्रदर्शन न केल्यास तो करणाऱ्यांना वा अन्य इच्छुकाला वाजवी किमतीस घेण्याची संधी द्यावी. तोट्याची करसवलत हवी असेल तर एक प्रत पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवण्याची अट घालावी. जनतेने कर सोडावा आणि जनतेलाच वस्तू दिसू नये, हे दोन्ही एकत्र नांदू देऊ नयेत.

मालकी म्हणजे वस्तूचा उपभोग घेण्याचा, ती विकण्याचा, प्रसंगी ती मोडण्याचाही हक्क, असे आम्ही कायद्याचे विद्यार्थी शिकतो. परंतु हक्क असणे आणि तो बजावणे उचित असणे, यांत अंतर आहे. सर्व धर्मविचार त्या अंतरातच वावरतो. त्या मूर्तीचा प्रश्नही तेथेच सुटतो. मूर्तिकाराचे मोल चुकते झाले होते, त्याचे दर्शन मात्र राहिले होते. आणि दर्शन हे एकट्या मूर्तिकाराचे येणे नव्हते, ते आळीतल्या त्या मुलांचेही होते. विसर्जन करावयाचेच असेल तर खुशाल करावे. पण आधी एकदा आरती होऊ द्यावी.