चाकाची खीळ

दशरथाच्या रथाची खीळ ऐन युद्धात निखळली आणि कैकेयीने त्या जागी आपला हात घालून रथ सावरला, ही कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. त्या उपकारापोटी तिला दोन वर मिळाले आणि पुढचे सारे रामायण त्या दोन वरांतून घडले. कीर्तनकार कैकेयीच्या धैर्यावर अर्धा तास बोलतात आणि तिच्या हट्टावर एक तास. पण ती खीळ घडवली कोणी, रथ बाहेर काढण्यापूर्वी ती तपासली कोणी, हा प्रश्न विचारलेला माझ्या ऐकण्यात नाही. खीळ निखळली ती दैवाने, असे आपण धरून चालतो.

हा प्रश्न माझ्यापुढे आणला तो एका जुन्या विद्यार्थ्याने. बेळगावच्या उद्यमबागेत त्याचे लहानसे यंत्रकामाचे युनिट आहे. इथल्या फाउंड्र्यांतले आणि लेथवरचे काम दूरदूर जाते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांनी त्याच्याकडे आपल्या जुन्या एमजीबी गाडीच्या चाकांचे चार नट बनवण्याचे काम दिले. जुन्यांपैकी एकाला चीर गेली होती. निरोप एवढाच होता : ‘दिसायला हुबेहूब तसेच, पण जास्त सुरक्षित करून द्या.’ त्या ‘सुरक्षित’ शब्दाने तो अडला आणि एका रविवारी कागदावरचे ड्रॉइंग घेऊन माझ्याकडे आला.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात तयार होत असे. तिला तारांच्या आऱ्यांची चाके बसवली असली, तर त्यांना नेहमीच्या मोटारीसारखे चार-पाच नट नसतात. चाक खाचांच्या तुंब्यावर सरकवायचे आणि मधोमध एकच मोठा नट आवळायचा. त्या नटाला बाहेर काढलेले दोन किंवा तीन कान असतात. त्यांवर तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकून नट घट्ट करायचा आणि तसेच ठोकून सोडवायचा. डाव्या बाजूच्या नटाचे आटे आणि उजव्या बाजूचे आटे एकमेकांच्या उलट असतात. चाकाच्या फिरण्यानेच नट आवळत राहावा, ही त्यातली युक्ती. बाजूंची अदलाबदल झाली, तर तेच फिरणे नट सोडवू लागते. एका नटावर एक चाक, आणि चाकावर माणसाचा जीव.

गाडी उभी असताना हे कान मोठे डौलदार दिसतात. गाडी धावू लागली की तेच कान चाकाबरोबर गरगरतात, आणि शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पायाच्या उंचीवर गरगरतात. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून एक सुरक्षा नियम लागू झाला. पादचारी आणि सायकलस्वार यांना धोका नको, म्हणून चाकाच्या नटांना आणि टोप्यांना असे पंखासारखे भाग नसावेत, असे त्यात ठरले. एमजीबी, जॅग्वार ई-टाइप यांसारख्या गाड्यांवर मग बिनकानांचे नट आले. अष्टकोनी नट त्यातलाच. तो ठोकायचा नाही, पाना लावून फिरवायचा. गाडीत बसणाऱ्याचा जीव या बदलाने वाचतो असे नाही. वाचतो तो रस्त्यावरच्या माणसाचा पाय. ‘सुरक्षित’ या शब्दापुढे ‘कोणासाठी?’ असे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ येत नाही, तो असा.

गाडीचे मालक स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल बोलत होते. त्यात गैर काही नाही. प्रत्येक माणूस आधी स्वतःचाच विचार करतो. पण सौद्यात दोनच माणसे बसलेली असतात, घेणारा आणि घडवणारा. तिसरा माणूस रस्त्यावर असतो. त्याला ना किंमत विचारली जाते, ना पसंती. नैतिक प्रश्न सुरू होतो तो त्या तिसऱ्यापासून.

याबाबत माणसाची समज कशी बदलली, हे पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीचे नाव घेताना १९२७ सालचे महाड आठवावे, आणि आठवलेच पाहिजे. तरीही त्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातला एक भाग इथे उपयोगी आहे. वाहनाने इजा झाली असता दंड कोणाला, याचा विचार त्यात आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, चाक मोडले, तर दंड नाही. हाकणारा अडाणी असेल तर मालकाला दंड, आणि जाणता असून चुकला तर हाकणाऱ्याला. अडाणी माणसाच्या हाती गाडी देणारा मालक सुटत नाही, ही त्यातली बारकाई मला मोलाची वाटते. पण मोडलेले चाक मात्र दैवाच्या खाती जमा. सुताराला कोणी बोलावतच नाही.

आता १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात लागलेला एक निकाल पाहा. मॅकफर्सन नावाच्या गृहस्थाने विक्रेत्याकडून ब्यूक मोटार घेतली होती. तिच्या एका चाकाच्या लाकडी आऱ्या सदोष होत्या. चाक कोसळले आणि तो गाडीबाहेर फेकला गेला. कंपनीचे म्हणणे असे, की चाक आम्ही दुसऱ्या कारखान्याकडून विकत घेतले, आणि गाडी आम्ही विकली ती विक्रेत्याला. या गृहस्थाशी आमचा करारच नाही. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते मानले नाही. साध्या तपासणीत दोष सापडला असता आणि ती तपासणी झाली नाही. जी वस्तू सदोष घडली तर जीव धोक्यात येतो, तिच्या कर्त्याची जबाबदारी कराराच्या कागदाशी संपत नाही. ज्या प्रश्नावर कीर्तनात शांतता असते, तो त्या दिवशी न्यायालयात विचारला गेला.

पण कायदा सर्वत्र पोहोचत नाही. अमेरिकेतला तो कानांचा नियमही १९९६ मध्ये रद्द झाला. नियम गेला म्हणून कानाची धार बोथट होत नाही. शिवाय हजारो नग काढणाऱ्या कारखान्यात तपासणीची शिस्त असते. एकाच गिऱ्हाइकासाठी चार नग घडवताना तपासणारा कोण? घडवणाऱ्याचे मन, दुसरे कोणी नाही.

विद्यार्थ्याने शेवटी मालकांना कळवले, की कान असलेले नट मी करणार नाही. अष्टकोनी करीन. ओतीव नाही, अखंड सळईतून कोरून करीन. चाराऐवजी पाच करीन, आणि पाचवा दाबून, ताणून मोडून पाहीन. मालकांची नाराजी समजण्यासारखी होती. मूळ रूप जाते, ही तक्रार खोटी नाही. जुन्या वस्तूचे रूप जपणे हीसुद्धा एक निष्ठाच आहे. ‘गाडी वर्षातून दोनदा बाहेर निघते,’ असेही ते म्हणाले. पण रस्त्यावरच्या माणसाला तो दोनदाचा हिशोब कसा कळावा? रूप जपायचे असेल तर कानांचे जुने नट घरी कपाटात ठेवावेत, प्रदर्शनात गाडी उभी असताना लावावेत, रस्त्यावर नकोत. हे मालकांनी मान्य केले. पाचव्या नटाचे पैसे मात्र त्यांनी अंदाजपत्रकातून कापले. विद्यार्थ्याने तो पदरचे पैसे घालून केला आणि मोडला.

लोक त्याचे कौतुक करतील. माझे मन मात्र त्या कापलेल्या रकमेपाशी थांबते. मोडण्यासाठी केलेल्या वस्तूचे पैसे द्यायला आपण कोणीच तयार नसतो. ती हाती येत नाही, दिसत नाही, मिरवता येत नाही. पण ‘सुरक्षित करून द्या’ या मागणीची खरी किंमत त्या मोडलेल्या नगातच असते. मागणाऱ्याने शब्द वापरायचा आणि भार घडवणाऱ्याने सोसायचा, हा न्याय नव्हे. कारागीर प्रामाणिक निघाला तर ठीक. नाही निघाला, तर आपणच त्याला आडवाट दाखवलेली असते. घर बांधून घेताना, शाळेची रिक्षा ठरवताना, गॅसची नळी बदलताना आपण स्वस्तात सांगतो आणि ‘नीट करा हं’ असे वर बजावतो. त्या ‘नीट’चे पैसे कोण देणार, हे कोणी बोलत नाही.

आपल्या भागात मराठी ‘जबाबदारी’ म्हणते आणि कन्नड ‘जवाब्दारी’. फारसीतून आलेला हा शब्द दोन्ही घरांत सारखाच रुळला आहे. जबाब म्हणजे उत्तर. ज्याने उत्तर द्यायचे तो जबाबदार. उत्तर मालकाने कारागिराला द्यायचे नाही, कारागिराने मालकालाही नाही. दोघांनी मिळून ते त्या तिसऱ्याला द्यायचे आहे, ज्याची भाषा कोणतीही असो आणि ज्याने प्रश्न अजून विचारलेलाही नाही.